आणेवारी : एक शब्द, तीन हिशेब

प्रश्न : जुन्या महसुली कागदांत एकाच गावासाठी ‘आणेवारी’चे आकडे इतके वेगवेगळे का येतात? पिकाचा अंदाज एकाच वर्षात दोन तऱ्हेचा कसा असेल?

उत्तर : आपण पाहिलेले सगळे आकडे पिकाचेच आहेत, असे गृहीत धरल्यामुळे हा पेच उभा राहिला असावा. रुपयाचे सोळा आणे म्हणजे पूर्ण, एवढीच या शब्दाची मूळ कल्पना आहे. पूर्ण कशाचे, हे ज्याचा त्याचा कागद सांगतो.

पहिला अर्थ जमिनीच्या प्रतीचा. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने नियमबद्ध झालेल्या जमीन-पाहणीत प्रतबंदी करणारा, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा, कारकून शेताचे भाग पाडून जागोजाग माती उकरून पाही, तिची खोली आणि रंग टिपून घेई आणि चुनखड, वाळू, उतार, पाणथळपणा असा दोष आढळल्यास प्रत खाली उतरवी. पावणेदोन हात खोलीची निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची धरली जाई आणि तिच्याखाली उतरती आणेवारी लागे. हा आकडा त्या सालच्या पावसाने बदलत नाही, फेरपाहणीपर्यंत तोच राहतो. आणि फेरपाहणी साधारणपणे तीस वर्षांनी.

दुसरा अर्थ हिश्शाचा. सामाईक खात्यात ‘अमुक चार आणे, तमुक बारा आणे’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती वाटणी असते, मातीचा किंवा पिकाचा तिच्याशी संबंध नसतो. सातबाऱ्यावर हा वापर अजूनही दिसतो.

तिसरा अर्थ पिकाच्या अंदाजाचा, आणि बोलण्यात आज हाच उरला आहे. नाणी दशमान झाल्यावर त्याची ‘पैसेवारी’ झाली. महाराष्ट्रात ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू होते. वर्षागणिक हलणारा आकडा फक्त हाच. म्हणून तक्त्यात सलग वर्षे एकच संख्या दिसली, तर ती पीक-आणेवारी नसण्याचीच शक्यता अधिक. कारकुनाने जुनाच आकडा उतरवला असेल, हा संशय मात्र ठेवावा.

पुरवणी : याच जातीचा घोटाळा ‘आकार’ या शब्दात होतो. ‘शेताचा आकार’ म्हणजे क्षेत्र नव्हे, बसवलेला सारा. क्षेत्र एकर-गुंठ्यांच्या रकान्यात पाहावे.

दुसरी शंका ‘खानेसुमारी’ची : तिचा आकडा लोकसंख्या मानावा का? खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. तरी जुन्या याद्यांत घरे, माणसे, गुरे आणि नांगर अनेकदा शेजारीशेजारी मांडलेले असतात, त्यामुळे बेरीज कोणत्या रकान्याची आहे हे पाहिल्याखेरीज तिला लोकसंख्या म्हणू नये. एकाच वेळी देशभर घेतलेली पहिली जनगणना 1881 ची असून, त्याआधी 1872 मध्ये मुंबई इलाख्यात माणसांची मोजणी झाली होती. त्याहून जुनी एखादी यादी फक्त घरांचा आकडा देत असेल, तर त्याला पाचाने गुणून माणसे काढण्याची सवय सोडावी. मोठ्या वाड्यालाही तिथे एकच घर धरलेले असू शकते आणि ओस पडलेल्या घराची नोंद ‘पडीक’ म्हणून वेगळी केलेली असू शकते.