कोरड्या प्रदेशांतील जमिनीत सेलेनियम विषारी का ठरते?

मृद्गंध (प्रश्न)

मृदाशास्त्राचे वाचन करताना एक विसंगती खटकली, म्हणून विचारतो. हवाई बेटांवरील काही तांबड्या जमिनींत दर किलोमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम (गंधकाशी साधर्म्य असलेले मूलद्रव्य) असूनही तेथील चाऱ्याने गुरांना विषबाधा होत नाही. उलट अमेरिकेतील साउथ डकोटा आणि वायोमिंगच्या कोरड्या माळरानांवर अनेक ठिकाणी त्याहून कमी सेलेनियम असते, तरी तेथील गवत आणि धान्य खाऊन घोड्यांची आयाळ झडल्याच्या व खूर गळून पडल्याच्या नोंदी आहेत. मग जमिनीची तपासणी करताना नेमके काय मोजायचे? शिवाय काही वनस्पती हेच विष अंगात भरभरून साठवतात आणि तरीही टवटवीत राहतात, ते कसे?

क्षारवेध

एकूण साठा किती यापेक्षा सेलेनियम कोणत्या रूपात आहे, हे आधी पाहावे लागते. हवाईच्या त्या जमिनी आम्लधर्मी आणि लोहाच्या ऑक्साइडने भरलेल्या असल्याने तेथे सेलेनियम बहुतांशी सेलेनाइटच्या (ऑक्सिजनशी जोडलेल्या एका) रूपात लोहकणांना घट्ट चिकटून बसते आणि मुळांच्या हाती फारसे लागत नाही. कोरड्या प्रदेशातील माती मात्र विम्लधर्मी (अल्कधर्मी) असते, तिच्यात हवा खेळती असते, आणि अशा स्थितीत सेलेनियमचे सेलेनेट, म्हणजे अधिक ऑक्सिजन जोडलेले रूप, होते. सेलेनेटवर ऋणभार असतो, मातीच्या कणांवरही बहुतेक ऋणभारच असतो. त्यामुळे ते कणांना न चिकटता पाण्याबरोबर मोकळे फिरते.

भरपूर पाऊस असता तर ते केव्हाच खोल झिरपून नाहीसे झाले असते. पाऊस तोकडा आणि बाष्पीभवन जबर, म्हणून उलटा प्रवास होतो: सखल जागी उथळ भूजल केशाकर्षणाने वर चढते, उडून जाते आणि मागे पांढऱ्या खारीचा पापुद्रा उरतो. बोटांनी चुरला तर पिठासारखा होणारा हा पापुद्रा प्रामुख्याने सल्फेट क्षारांचा असतो, पण सेलेनेटही त्यांच्याच सोबत वर आलेले असते. १८५० च्या दशकात आजच्या साउथ डकोटातील फोर्ट रँडल येथील लष्करी डॉक्टरांनी घोड्यांचा हा आजार नोंदवला, आणि पुढे कित्येक वर्षे लोक त्याचा दोष खाऱ्या पाण्याला देत राहिले. सेलेनियमवर बोट ठेवले गेले ते १९३० च्या दशकात. त्या भागातील मूळ साठा क्रिटेशस काळात (डायनोसॉरच्या अखेरच्या युगात) समुद्रतळाशी साचलेल्या शेल खडकांत आहे.

तेव्हा पाण्यात विरघळणारे सेलेनियम मोजावे, सोबत सामू (पीएच) आणि सल्फेट मोजावे, आणि नमुना केवळ वरच्या थराचा न घेता मुळे पोहोचतात तितक्या खोलीचा घ्यावा. केवळ एकूण आकड्यावर विसंबून कोणी जमीन सुरक्षित ठरवली, की मला काळजी वाटते.

रानपान

दुसऱ्या प्रश्नाविषयी. वनस्पतीला सेलेनेट आणि सल्फेट यांतला फरक नीट कळत नाही. दोन्ही एकाच वाहक प्रथिनांच्या वाटेने मुळांत शिरतात. आत गेल्यावर गंधकाच्या जागी सेलेनियम बसलेली अमिनो आम्ले तयार होतात, ती प्रथिनांत गुंफली जातात आणि प्रथिनांची घडी बिघडते. ॲस्ट्रागॅलस बायसल्केटस किंवा स्टॅनलेया पिनाटा यांसारख्या संचयी वनस्पती अशांपैकी सेलेनोसिस्टीन या अमिनो आम्लाला एक मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट) जोडतात. मग ते प्रथिनांत शिरू शकत नाही आणि पानांत निर्धोकपणे साठत जाते. त्यांच्या कोरड्या वजनात दर किलोमागे १,००० मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम आढळते, तर चाऱ्यात सुमारे ५ मिलिग्रॅम सतत राहिले तरी जनावरांना दीर्घकालीन बाधा होऊ शकते. अशा ॲस्ट्रागॅलसजवळ उभे राहिले तरी लसणासारखा उग्र वास येतो. तो सेलेनियमच्या उडून जाणाऱ्या संयुगांचा. वायोमिंगमध्ये रसायनशास्त्रज्ञ ऑर्व्हिल बीथ यांनी या वनस्पतींना सूचक मानून सेलेनियमयुक्त जमिनी शोधल्या. कोलोरॅडो पठारावर पुढे युरेनियमच्या शोधातही त्यांचा उपयोग झाला, कारण तेथील खनिजांत दोन्ही मूलद्रव्ये एकत्र सापडतात.

चराऊ रानाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. वासामुळे जनावरे ही झाडे सहसा टाळतात. पण त्यांची पाने गळून कुजतात, खोल मुळांनी वर आणलेले सेलेनियम वरच्या थरात येते आणि शेजारचे निरुपद्रवी गवतही हळूहळू बाधक होते.

ओलावा

सिंचनाचा मुद्दा राहून गेला. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात शेतांखालचे खारे पाणी निचरा-नळ्यांनी काढून केस्टरसन जलाशयात सोडले जात असे. त्यात दर लिटरमागे सुमारे ३०० मायक्रोग्रॅम सेलेनियम होते. ते शेवाळातून किड्यांत आणि किड्यांतून पाणपक्ष्यांत वाढत गेले, आणि १९८३ मध्ये घरट्यांत डोळे नसलेली, वाकड्या चोचींची पिल्ले सापडली. १९८६ मध्ये तो निचरा बंद करण्यात आला. शेत क्षारमुक्त करताना निघणारे पाणी कोठे जाणार, हे नळ्या पुरण्याआधीच ठरवायला हवे होते.

मृद्गंध

सर्वांचे आभार. सल्फेट आणि सेलेनेटची वाट एकच असेल, तर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकून पिकातील सेलेनियम कमी करता येईल का?

क्षारवेध

जमिनीत सल्फेट कमी असेल तर येते, आणि हा उपाय वापरलाही जातो. जेथे जिप्समचे खडे आधीच मातीत चमकताना दिसतात, तेथे आणखी टाकून फारसा फरक पडत नाही. संचयी वनस्पतींवरही त्याचा परिणाम बेताचाच होतो, कारण सल्फेट मुबलक असतानाही त्या सेलेनेट वेचून घेतात. त्यामुळे आधी सल्फेटची तपासणी करून घ्या, जिप्समचा विचार नंतर करा.