नॉचने स्क्रीन खाल्ली नाही, मेनूबार खाल्ला

"नॉचने (स्क्रीनच्या वरच्या कडेला मधोमध कॅमेऱ्यासाठी असलेल्या काळ्या खाचेने) स्क्रीनचा तुकडा खाल्ला" असं काही जण म्हणतात. फोनपुरतं ठीक, पण लॅपटॉपचं गणित उलटं आहे. २०२१ च्या १४ इंची मॅकबुक प्रोचे पिक्सेल ३०२४ × १९६४. नॉचखालचा भाग ३०२४ × १८९०, म्हणजे रुंदी-उंचीचं चोख १६:१० प्रमाण. वरची ७४ पिक्सेलची पट्टी जादाची, तिच्यात मेनूबार, म्हणजे डावीकडे ॲपचे मेनू आणि उजवीकडे बारकी चिन्हं असलेली ओळ, बसवलाय.

खरी गोची त्या पट्टीतच आहे. लांबलचक मेनूंचं एखादं सॉफ्टवेअर उघडलं की उजवीकडची बारकी चिन्हं नॉचच्या आड गडप. व्हीपीएन (इंटरनेटची खासगी, सुरक्षित जोडणी) चालू आहे का हे बघायला दुसऱ्या ॲपवर जायचं, मग चिन्ह परत हजर! यात बिचाऱ्या कॅमेऱ्याचा काय दोष? फुल स्क्रीनमध्ये मात्र ती पट्टी काळी होते आणि नॉच आहे हेच विसरायला होतं.