गॅरेजचं जळकं ऑइल आणि रॅम्पचं पाणी: मोठा प्लँट न लावता काय करता येईल?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार. कराडजवळ आमचं चारचाकीचं गॅरेज आहे. वडिलांनी सुरू केलं, आता रोजचं काम मी बघते. सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच, थोडंफार एसीचं काम आणि मागच्या अंगाला गाड्या धुवायचा रॅम्प.

महिन्याला साधारण दीडशे लिटर जळकं ऑइल निघतं. एक टेम्पोवाला येतो, रोख पैसे देतो, पावती नाही. कुठं नेता विचारलं की "भट्टीला" एवढंच सांगतो. मधेच सेंट्रिंगवाले पाच-दहा लिटर मागून नेतात, कुणी दारा-खिडक्यांना वाळवीसाठी नेतं. रॅम्पचं पाणी गटारीतून मागच्या ओढ्याला आणि ओढा पुढं कोयनेला.

मागच्या उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा डबक्यावर सप्तरंगी तवंग होता. पलीकडच्या शेतातल्या आजोबांनी म्हशी तिथं पाण्याला आणायचं बंद केलं. भांडले नाहीत, नुसतं येऊन सांगून गेले. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

एका सल्लागारानं पाणी शुद्धीकरणाचा प्लँट सुचवला. त्याची किंमत ऐकून गप्प बसले, आम्हाला झेपणारा आकडा नाही. वडील म्हणतात, सगळी लाइन असंच करते. पण मला हे नीट करायचंय. सुरुवात कुठून करू? आधी काय, नंतर काय?

वर्कशॉपकाका (चिंचवड)

ताई, सगळी नोकरी मी सर्व्हिस वर्कशॉपमध्ये काढली, शेवटची काही वर्षं वर्क्स मॅनेजर म्हणून. त्यामुळं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे प्लँटचा विचार आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या आकाराच्या गॅरेजमध्ये घाण पाण्यात जायच्या आधीच अडवता येते. ऑइल पाण्यात एकदा मिसळलं, त्यातून साबण लागला, की ते बाहेर काढायला लाखांची यंत्रं लागतात. कोरडं आहे तोवर ते एका ट्रेमध्ये, एका चिंधीत मावतं. म्हणून आधी कोरडं काम, मग पाणी.

ऑइल काढतानाची जागा नीट बघा. ड्रेन बोल्ट सुटतो तेव्हा पहिली धार जोरात तिरकी येते, आणि बहुतेक गॅरेजमध्ये ट्रे नेमका बोल्टच्या खाली असतो, धार पडते तिथं नसतो. फरशीवरचं निम्मं ऑइल इथलं. रुंद तोंडाचा, चाकं असलेला ट्रे घ्या. धार संपली की गाडी लगेच हलवू नका, थेंब थांबू द्या. फिल्टर काढला की बरेच जण तसाच भंगारात टाकतात. त्याच्या आत बरंच ऑइल धरून राहिलेलं असतं. गरम असतानाच डोक्याला भोक पाडायचं, जाळीवर पालथा ठेवायचा, रात्रभर निथळू द्यायचा. सकाळी खालच्या डब्यात काय जमलंय ते मिस्त्र्यांना दाखवा, मग पुन्हा सांगावं लागणार नाही.

आता बॅरल. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल एकत्र चालतं. त्यात कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं द्रव), ब्रेक ऑइल, पेट्रोल, थिनर काहीही पडता कामा नये. वापरलेल्या ऑइलपासून पुन्हा चांगलं बेस ऑइल, म्हणजे नवं ऑइल बनवायचं मूळ तेल, बनवता येतं, पण थिनर किंवा कूलंट मिसळलेला माल चांगला रिफायनरीवाला परत पाठवतो. मग तो भट्टीतच जातो आणि त्यातलं शिसं, जस्त धुरातून बाहेर पडतं. कूलंटचा बॅरल वेगळा, झाकण घट्ट. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. म्हशी जवळपास असतील तर आणखी जपा.

बॅरल पत्र्याखाली ठेवा. भोवती विटांचा कट्टा बांधून आतून सिमेंटचा गिलावा करा. पाच फूट बाय पाच फूट, पाच इंच उंच. एवढ्यात साधारण 290 लिटर मावतं, म्हणजे 210 लिटरचा भरलेला बॅरल फुटला तरी सगळं आतच राहतं. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे.

कागदाचं सांगतो. वापरलेलं ऑइल 2016 च्या घातक कचरा नियमांत 5.1 या क्रमांकावर आहे. तेलकट चिंध्या आणि कॉटन वेस्ट 33.2 वर. हा माल 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, छोट्यांना बोर्ड, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुदत वाढवून देऊ शकतं. किती निघालं, किती दिलं याची नोंद नमुना 3 मध्ये, माल जाताना नमुना 10 ची पावती, आणि वर्षाचा हिशोब नमुना 4 मध्ये 30 जूनच्या आत बोर्डाकडं. हे सगळं बोर्डाच्या संमतीपत्राशी, म्हणजे गॅरेज चालवायच्या परवानगीशी, जोडलेलं असतं. 2016 च्या वर्गवारीत गाड्यांची दुरुस्ती, सर्व्हिसिंग आणि पेंटिंग नारंगी, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या गटात होतं, म्हणजे संमती लागतेच. घेतली नसेल तर तिथून सुरुवात करा. घाबरायचं कारण नाही. स्वतःहून गेलेल्या माणसाला माहिती मिळते.

तुमच्या टेम्पोवाल्याला दोन गोष्टी विचारा: बोर्डाची परवानगी आणि नोंदणीचा कागद. 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या ऑइलसाठी उत्पादक कंपन्यांवरच पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे, आणि गोळा करणाऱ्यालाही केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद दाखवत नसेल तर दोन रुपये जास्त देत असला तरी त्याला देऊ नका. अशा मालाचं काय होतं ते मी पाहिलंय. कापडातून गाळून, नव्या डब्यात भरून तेच ऑइल गावोगाव विकलं जातं आणि कुणाचं तरी इंजिन बसतं.

अडचण अशी येते की नोंदणीवाला एका बॅरलसाठी कराडपर्यंत येत नाही. लाइनीतल्या गॅरेजवाल्यांशी बोला. सगळ्यांचा माल एका ठिकाणी जमवू नका, त्याला वेगळी परवानगी लागेल. प्रत्येकाचा बॅरल त्याच्याच दारात, कागद त्याच्याच नावाचा, फक्त गाडी सगळ्यांकडं एकाच दिवशी.

आता रॅम्प. गाडी रॅम्पवर चढायच्या आधी चाकांच्या कमानीतला चिखल खरवडून काढा, इंजिनखालचा तेलकट थर चिंधीनं पुसा. डिझेल मारून मग पाण्याचा फवारा, ही पद्धत पूर्ण बंद. डिझेल आणि साबण एकत्र आले की ऑइलचे इतके बारीक कण होतात की ते वर तरंगतच नाहीत, दूध होतं त्याचं. मग कुठलीही टाकी ते अडवू शकत नाही.

एवढं केलं की तीन कप्प्यांची साधी टाकी पुरते. पहिल्यात वाळू-चिखल बसतो. दुसऱ्यात ऑइल वर येतं. तिसऱ्यात जाणारं पाणी दुसऱ्याच्या तळाकडून यायला हवं, म्हणून मधल्या पाइपाला खाली वळवलेला एल्बो लावायचा. प्रेशर वॉशर मिनिटाला 8-10 लिटर पाणी टाकतो. टाकी 600 लिटरची असेल तर पाणी आत तासभर थांबतं, तेवढ्यात ऑइल वेगळं होतं. साधी मोकळी नळी वापरली तर पाणी दुप्पट-तिप्पट आणि टाकीचा उपयोग तेवढा कमी. वरचा तवंग आठवड्याला काढून ऑइलच्या बॅरलमध्ये न टाकता वेगळ्या डब्यात ठेवा, त्यात पाणी असतं. तळाचा गाळही शेतात किंवा रस्त्याकडेला नाही, तोही घातक कचऱ्यातच धरायचा.

आणि शोषखड्डा करू नका. कुणीतरी सुचवेल, स्वस्त पडतो. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर आज ओढ्यावर दिसणारा तवंग उद्या प्यायच्या पाण्यात येईल, आणि तो दिसणारही नाही. नाल्यात सोडायच्या पाण्यात ऑइल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. टाकी झाली की एकदा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या.

शटरिंगवाला (वाई)

काका, तुमचं पटतंय, पण आमची बाजू पण ऐका. मी सेंट्रिंगची कामं घेतो. काळं ऑइल नाही लावलं तर प्लेट काँक्रीटला धरती आणि पावसात गंजती. दुकानातलं शटरिंग ऑइल घ्यायचं तर स्लॅबमागं खर्च वाढतो, ठेकेदार देत नाही. गॅरेजमधून नाही मिळालं तर आम्ही काय लावायचं?

वर्कशॉपकाका (चिंचवड)

भाऊ, प्रश्न रास्त आहे. पाण्यात मिसळून लावायचं शटरिंग ऑइल मिळतं. डब्याची किंमत बघून महाग वाटतं, पण त्यात कित्येक पट पाणी घालायचं असतं, म्हणून प्लेटमागं किती पडतं ते काढून बघा. काळ्या ऑइलनं स्लॅबच्या तळाला डाग पडतात आणि तिथं गिलावा नीट धरत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. नंतर टाके मारायची मजुरी कोण मोजतं?

त्याहून मोठी गोष्ट तुमच्या माणसांच्या हातांची. इंजिनात तापून तापून ऑइलमध्ये कॅन्सरला कारण होणारी संयुगं तयार होतात. नव्या ऑइलमध्ये ती फार कमी असतात. तुमची पोरं ते उघड्या हातानं, कापडाच्या बोळ्यानं प्लेटांना चोळतात, त्याच हातानं भाकरी खातात. ताईंच्या मिस्त्र्यांनाही हेच लागू. नायट्राइलचे हातमोजे घ्या, आणि हात डिझेलनं धुणं बंद करा. डिझेलनं कातडीचा स्निग्धपणा जातो आणि ऑइल आत शिरायला वाट मिळते.

फोंड्याचा मेकॅनिक (गोवा)

आमच्याकडचा अनुभव जोडतो. पावसाळ्यात उघड्यावरच्या बॅरलमध्ये झाकणाच्या भोकातून पाणी शिरतं. पाणी जड, खाली बसतं, ऑइल वर उचललं जातं आणि बॅरल भरला की बाहेर सांडतं ते ऑइलच. इथं जमीन जांभ्याची, सगळी भोकाभोकांची, आणि प्रत्येक घराला विहीर. आमच्या वाड्यावर एका विहिरीला वास यायला लागला, तेव्हा लोकांना कळलं. छपराचं पाणी आणि रॅम्पचं पाणी वेगळं काढा, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत तुमच्या तीन कप्प्यांतला सगळा तवंग धुऊन ओढ्यात जाईल. रॅम्पवर पत्रा असेल तर फारच चांगलं.

कोयनाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. फिल्टरचं त्यांनी लगेच करून बघितलं आणि सकाळी डबा स्वतः हातात घेऊन मिस्त्र्यांकडं गेले. कट्ट्यासाठी गवंड्याला निरोप दिलाय. लाइनीतले दोन जण गाडी एकत्र बोलवायला तयार आहेत. संमतीपत्राची चौकशी मी या आठवड्यात करते.

दोन गोष्टी राहिल्या. एक, थंडीत हेल्पर पोरं तेलकट चिंध्या आणि जुन्या ट्यूबा शेकोटीत घालतात, त्यांना काय पर्याय देऊ? दुसरं, जुन्या बॅटऱ्या आमच्याकडं साठतात. भंगारवाला पाणी काढलेल्या बॅटरीला नको म्हणत नाही, म्हणून पोरं ॲसिड मागं ओतून देतात.

वर्कशॉपकाका (चिंचवड)

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

पोरांना थंडी वाजते हे खरं आहे, नुसतं ओरडून शेकोटी बंद होणार नाही. सुताराकडचे लाकडाचे तुकडे आणून द्या. कोरडे, रंग न लावलेले. चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा द्या. पेंट-थिनरच्या चिंध्या त्यात एकत्र नकोत, त्यांच्यासाठी दुसरा डबा, कारण त्या ढिगात आपोआप तापून पेटू शकतात. कॉटन वेस्टऐवजी जाड कापडाचे तुकडे वापरले, पिळून पुन्हा वापरले, तर कचराच निम्म्यावर येतो. ब्रेकची धूळ हवेच्या नळीनं उडवत असतील तर तेही थांबवा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असू शकतं. ओल्या कापडानं पुसायची.

एसीचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण पाइप सैल करून गॅस हवेत सोडत असाल तर ते कमी समजू नका. आर-134ए हा वायू तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट आहे. गॅस ओढून घेणारं मशीन महाग असतं. ज्या एसीवाल्याकडं आहे त्याला काम द्या, तोवर स्वतः उघडू नका.

बॅटरीचं ॲसिड ओतणं आजच बंद करा. त्या ॲसिडमध्ये शिसं विरघळलेलं असतं आणि मातीत गेलेलं शिसं पुन्हा निघत नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, म्हणून नवी ज्या डीलरकडून आणता त्यालाच जुनी अखंड, ॲसिडसकट द्या आणि पावती घ्या. तोवर उभी ठेवा, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, आडवी कधीच नाही. ॲसिड सांडलं तर आधी खाण्याचा सोडा टाकायचा, फेस थांबेपर्यंत टाकत राहायचं, मगच पुसायचं. सोड्याची पिशवी रॅकला टांगूनच ठेवा. ऑफिसच्या कपाटात राहिली तर गरजेच्या वेळी किल्ली सापडत नाही.