मदत हवी आहे: स्पेक्ट्रोमीटर युरेनियम दाखवतो, प्रयोगशाळा नाही

ग्रॅनाइटवर बसलेल्या वालुकाश्माची युरेनियमसाठी तपासणी चालू आहे. तळाजवळच्या तांबूस थरावर गॅमा स्पेक्ट्रोमीटर (जागेवरच गॅमा किरण मोजणारं यंत्र) सुमारे ५० पीपीएम (दशलक्षात ५० भाग) समतुल्य युरेनियम, म्हणजे किरणांवरून काढलेलं युरेनियम, दाखवतो. थोरियम जेमतेम १०, म्हणजे हा मोनाझाइटचा (थोरियमयुक्त खनिजाचा) खेळ नाही. पण त्याच जागच्या नमुन्यांत प्रयोगशाळेतल्या आयसीपी-एमएसला (विरघळवलेल्या नमुन्यातलं खुद्द युरेनियम मोजणाऱ्या यंत्राला) १२ ते १५ पीपीएमच मिळतं.

स्पेक्ट्रोमीटर मोजतो ती बिस्मथ-२१४ ची १.७६ एमईव्ही ऊर्जेची गॅमा रेषा, खुद्द युरेनियम नव्हे; बिस्मथ-२१४ हे युरेनियमच्या क्षयसाखळीत रेडियम आणि रेडॉननंतर येतं. त्यामुळे पहिला संशय असंतुलनाचा, म्हणजे साखळीतलं नेहमीचं प्रमाण बिघडल्याचा: ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम विरघळून गेलं, रेडियम मागे राहिलं. पावसाने रेडॉनची अपत्यं जमिनीवर येऊन आकडा फुगतो, पण वाचनं कोरड्या दिवसांतली आहेत, तेव्हा ते कारण सोडा. नमुने मात्र फक्त अक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवलेत. सिलिकेट खनिजांत अडकलेलं युरेनियम त्यात पूर्ण सुटत नाही, म्हणजे प्रयोगशाळेचा आकडाही कमी आलेला असू शकतो.

आधी चार आम्लांचं पाचन (जास्त तीव्र आम्लांत विरघळवणं) करून घ्यावं, की नमुने हवाबंद डब्यात, रेडॉन आत साठेपर्यंत, तीन-चार आठवडे ठेवून रेडियम-२२६ मोजावं? दोन्हींचा खर्च झेपणार नाही. आणि असंतुलनच निघालं, तर पहिलं बोअर भूजलाच्या वाहण्याच्या दिशेने, राखाडी, पायराइटयुक्त (लोह-सल्फाइडयुक्त) वालुकाश्म सुरू होतो त्या सीमेवर, जिथे ऑक्सिजन संपून विरघळलेलं युरेनियम पुन्हा साचतं, घ्यावं का? की सीमा ओलांडून थोडं आत?