मदत हवी आहे : जुनी गाडी घेऊन तीन आठवडे झाले, दिवा काही विझत नाही

रोजचीघाई
तीन आठवड्यांपूर्वी मी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून २०२१ सालची गाडी घेतली. सोमवारपासून डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आहे, आणि काल नळस्टॉपच्या सिग्नलवरून निघताना गाडीने वेगच घेतला नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, मी पाय पूर्ण दाबून बसलो होतो आणि गाडी रिक्षाच्याही मागे राहिली. विक्रेता म्हणतो, "घेऊन या, पाच मिनिटांत दिवा घालवून देतो, पैसेही नकोत." उद्या नेऊ, की सरळ ग्राहक आयोगात जाऊ? कृपया लवकर सांगावे.

घाटमाथा
पिवळे दिवे अर्धा डझन असतात. इंजिनाच्या आकाराचा आहे, की डबीत ठिपके आणि दोन्ही बाजूंना नळ्या असे चित्र आहे? गाडी पेट्रोल की डिझेल, रोज किती चालते, हे काहीच आपण लिहिलेले नाही.

रोजचीघाई
डिझेल आहे, ते लिहिले असेच मला वाटत होते. दिवा ठिपक्यांचा आहे, कालपासून इंजिनाचाही लागला आहे. घर ते ऑफिस चार किलोमीटर. पण त्याचा इथे काय संबंध?

घाटमाथा
सगळा संबंध तिथेच आहे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सर्रास बसू लागली. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावी लागते, आणि चार किलोमीटरांत ती धड कोमटही होत नाही. द्रुतगती मार्गावर अर्धा तास गाडी दोन हजार आरपीएमच्या वर पळवा. माझा दिवा लोणावळ्याच्या आत विझला होता.

जुनाजाणता
एवढ्यासाठी टोल कशाला भरायचा? रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेवा, सकाळी सगळे दिवे गेलेले असतील. तीस वर्षे मी हेच करत आलो आहे.

ग्रीसचेहात
काका, आपल्या अनुभवाचा मान राखून सांगतो, हे दोन्ही उपाय आज करू नयेत. काजळी जाळताना इंजिन जास्तीचे डिझेल सोडते. ते काम अर्धवट असताना गाडी बंद केली की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. असे रोज झाले तर ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी वाढते. अशी गाडी पळवली तर बेअरिंग जाण्याची भीती असते, शिवाय पातळी फारच वाढलेली असेल तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. तेव्हा आधी गाडी सपाट जागी लावा, दहा मिनिटे थांबा, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवा आणि ऑइल कुठवर लागले ते सांगा. वासही घ्या.

बॅटरीची वायर का काढू नये, तेही ऐका. गाडी आपल्या बिघाडांच्या नोंदी, म्हणजे कोड, साठवून ठेवते. ते वाचणारा स्कॅनर लावला की बहुतेक गाड्या 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले' हा आकडा दाखवतात. वायर काढली किंवा विक्रेत्याने 'पाच मिनिटांत दिवा घालवला' की तो शून्यावर येऊ शकतो, आणि आधी कोड कधी पुसले होते ते कळत नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये आधी तो आकडा पाहा, आणि काहीही न पुसता स्कॅनरचा पडदा व ओडोमीटर एकाच फोटोत घ्या.

विमावाला
विमा नावावर करून घेतलात का? गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

रोजचीघाई
विम्याचा प्रश्न मी विचारलेलाच नाही.

टॉपगिअर
गाळणी आतून पोकळ करून घ्या, म्हणजे कायमची कटकट मिटेल.

कायदेताई
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा बदल बसत नाही, त्यामुळे हा सल्ला कुणी मनावर घेऊ नये. धागाकर्त्यांनी खरेदीच्या कागदावर 'आहे त्या स्थितीत' असे लिहिले आहे का, ते पाहावे. तसे असले तरी जाणूनबुजून लपवलेला दोष त्या तीन शब्दांखाली झाकला जात नाही, असा युक्तिवाद करता येतो. विक्रेता व्यावसायिक असल्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांत तक्रार करता येते. तत्पूर्वी लेखी नोटीस द्यावी, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि यापुढचे त्यांच्याशी बोलणे फोनवर न करता लेखी ठेवावे.

रोजचीघाई
पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे, आणि रुमालाला अजून पेट्रोल पंपासारखा वास येतो आहे. गाडी जागची हलवली नाही. शेजारच्या गॅरेजवाल्याला स्कॅनर घेऊन खाली बोलावले. कोड पुसल्यापासून ४०५ किलोमीटर झाले, असे त्यात दिसते. ताब्यात घेताना बायकोने हार घातलेल्या गाडीचे फोटो काढले होते, त्यात ओडोमीटर ५८,३१० दाखवतो. आज तो ५८,७०२ आहे.

घाटमाथा
म्हणजे आपण चालवली ३९२. उरलेले १३ किलोमीटर आपले नाहीत. द्रुतगती मार्गाचा सल्ला मी मागे घेतो.

ग्रीसचेहात
कोड ताबा देण्याच्या जेमतेम आधी पुसले गेले, एवढे यातून दिसते. कुणी आणि का पुसले, ते विक्रेत्याने सांगायचे. आता ऑइल व फिल्टर जागेवरच बदलून घ्या, जुने ऑइल डब्यात राखून ठेवा आणि मग गाडी टो करून न्या. काजळी तिथे स्कॅनरने जाळून घेता येईल. तशी ती जळली नाही, तर खर्च मोठा आहे.

जुनाजाणता
आमच्या वेळच्या गाड्यांना गाळणी नव्हती, हेच बरे होते.

रोजचीघाई
फोटो तिघांकडे पाठवून ठेवले आहेत, नोटिशीचा मसुदा आज रात्री करतो. विक्रेत्याचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला. गाडी कधी आणताय, असे तो विचारतो आहे.