पोकरमध्ये फक्त होल्डेमच खेळत राहू की ओमाहा, स्टड पण शिकू?

बदाम_सत्ती:
मंडळी, आमच्या ग्रुपमध्ये दोनेक वर्षं टेक्सास होल्डेमच चालतो, पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. आता हातातली दोन पानं बघितली की पुढे काय करायचं ते जवळपास पाठ झालंय आणि खेळ तिथेच अडलाय असं वाटतं. एक मित्र म्हणतो ओमाहा, स्टड, रॅझ सगळं शिक, दुसरा म्हणतो एक ना धड भाराभर चिंध्या होतील, आधी एकच पक्कं कर. खरंच दुसरे प्रकार शिकून होल्डेम सुधारतो का? की नुसते नियम पाठ करण्यात वेळ जातो?

किलवर_गुलाम:
सुधारतो, आणि ओमाहापासूनच सुरू करा. चार पानं मिळतात, पण हातातली बरोब्बर दोन आणि बोर्डवरची (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या सामाईक पानांतली) तीनच धरायची, ना कमी ना जास्त. म्हणजे बोर्डवर चार बदाम पडलेत आणि तुमच्याकडे बदामचा एक्का आहे पण दुसरं बदाम नाही, तर होल्डेममध्ये तुमचा मोठ्यात मोठा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) असता, ओमाहात फ्लशच होत नाही. हातात तीन एक्के आले की नवीन माणूस खूश होतो, पण तिसरा एक्का वापरता येत नाही आणि वर मदतीला येऊ शकणारं एक पान आपणच अडवून बसलेलो असतो.

खरा फायदा वेगळाच आहे. एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची जोडी, होल्डेममध्ये बोर्डवरचे पत्ते उघडायच्या आधी एक्केवाला साधारण ८२ टक्के वेळा जिंकतो, ओमाहात राजांसोबत राणी-गुलाम आणि चार पानं दोन-दोन एकाच रंगाची असली की तेच ६० च्या आसपास येतं. त्यामुळे भारी जोडी फ्लॉपनंतर (पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर) सोडून द्यायची सवय लागते, जी नुसत्या होल्डेमवाल्यांना लवकर लागत नाही.

इस्पिक_न्यूजर्सी:
ओमाहा ठीकच, पण स्टड सोडू नका हो. होल्डेमची लाट यायच्या आधी इकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्टडच जोरात होता. त्यात सामाईक पानं नसतात, सात पानांतली चार सगळ्यांना दिसतात आणि जो फोल्ड करतो (पानं टाकून डाव सोडतो) त्याची उघडी पानं उचलली जातात, ती तुम्हीच लक्षात ठेवायची, रमीत समोरच्याने टाकलेलं पान ठेवतो ना तशी. समजा तुमच्याकडे चार इस्पिक झालेत, एक हवंय. तेरातून चार गेले, नऊ उरले असं वाटतं, पण बाकीच्यांच्या पुढ्यात पाच इस्पिक दिसून गेले असतील तर चारच उरले, आणि त्या चारसाठी कॉल करत (समोरच्याएवढ्या चिप्स टाकत) बसणं म्हणजे चिप्स वाटून टाकणं. हा हिशोब अंगात मुरला की होल्डेममध्येही माणूस टेबलाकडे जास्त बघायला लागतो, स्वतःच्या पानांकडे कमी.

आणि ज्यांना वाटतं की बाकीच्या प्रकारांचा होल्डेमला उपयोग नाही त्यांनी २००६ ची पोकरची वर्ल्ड सिरीज ही मोठी स्पर्धा आठवावी. ५० हजार डॉलर एन्ट्रीचा, पोकरचे पाच प्रकार आळीपाळीने खेळायचा हॉर्स इव्हेंट त्या वर्षी सुरू झाला, टीव्हीसाठी फायनल टेबल मात्र नो-लिमिट (कितीही चिप्स लावता येणाऱ्या) होल्डेमचं ठेवलं होतं, आणि जिंकला कोण तर चिप रीस, ज्याचं नाव मुळात स्टडसाठी घेतलं जायचं. फिल आयवी या खेळाडूचंही बघा, वर्ल्ड सिरीजचा इव्हेंट जिंकल्यावर मिळणारी ११ ब्रेसलेट आणि नो-लिमिट होल्डेमचं त्यात एकही नाही.

चौकट_दश्शी:
दोघांचं पटतंय, पण सगळं एकदम नको. एकेक प्रकार दोन-तीन महिने नीट खेळा, मग पुढचा. आणि कुणी फॉरमॅटबद्दल बोललंच नाही. कॅश गेममध्ये चिप म्हणजे थेट पैसा, टूर्नामेंटमध्ये तसं नसतं. सॅटेलाइट घ्या, १० जणांना मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट मिळणारे, ११ जण उरलेत, तुमच्याकडे ढीगभर चिप्स आणि शेवटच्याकडे एका ब्लाइंडपुरत्या (पानं बघायच्या आधीच सक्तीने लावायच्या चिप्सपुरत्या). तुमच्याएवढ्याच चिप्सवाला ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या आणि तुमच्या हातात दोन एक्के. फोल्डच करायचं! दुप्पट चिप्स झाल्या तरी तिकीट एकच मिळणार, हरलात तर हातातलं जाणार. हे नुसतं कॅश खेळणाऱ्याच्या गळी उतरत नाही, आणि नुसत्या टूर्नामेंटवाल्याला चिप्सचा मोठा ढीग घेऊन रिव्हरपर्यंत (शेवटच्या सामाईक पानापर्यंत) शांतपणे खेळता येत नाही, कारण त्याचे ब्लाइंड सतत वाढत असतात म्हणून तो कायम घाईत.

बाकी ऑनलाइन पैसे लावून सराव वगैरेच्या फंदात पडू नका, २०२५ च्या कायद्याने भारतात ते बंदच आहे. घरच्या टेबलावर चिप्सवर सगळं शिकता येतं.

बदाम_सत्ती:
मनापासून थँक्स सगळ्यांना. तीन एक्क्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी ओमाहा लावतोय, ग्रुपला तयार केलंय. @इस्पिक_न्यूजर्सी, स्टडला टेबलवर जास्तीत जास्त किती जण बसवायचे? आम्ही नऊ जण आहोत.

इस्पिक_न्यूजर्सी:
आठच्या वर नको, आठ जण शेवटपर्यंत थांबले तर ५६ पानं लागतात आणि कॅटमध्ये ५२ च. तसं होत नाही म्हणा, लोक फोल्ड करतात. नवव्याला पत्ते वाटायला बसवा आणि आळीपाळीने बदला, वाटणाऱ्याला सगळ्यांची उघडी पानं निवांत बघायला मिळतात, त्याचाही सराव होतो.