बेबिंकेचे तळाचे थर चिवट का होतात?

प्रश्न (फोंडा): नाताळापूर्वी हात बसावा म्हणून १० अंड्यांचे बलक, २ वाट्या नारळाचे दाट दूध, दीड वाटी साखर आणि १ वाटी मैदा घेऊन मी ओव्हनमध्ये ७ थरांची बेबिंका (गोव्याचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ) केली, परंतु वरचे थर मऊ झाले आणि तळाचे दोन चिवट होऊन करपले. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मडगाव): आपण खालची आच चालू ठेवली असावी. पहिला थर भाजल्यावर केवळ वरचा ग्रिल वापरावा, अन्यथा तळाचा थर सातही वेळा भाजला जातो. आमची आजी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत असे, त्यामागचे कारणही हेच.

उत्तर (डिचोली): वरील मताशी सहमत आहे. प्रत्येक थर तांबूस झाल्यावर त्यावर चमचाभर तूप पसरून मगच पुढचे मिश्रण ओतावे. तूप वाचवल्यास थर एकमेकांत मिसळतात आणि साधा केक तयार होतो. जायफळ ताजे किसावे. पूर्ण निवल्याशिवाय सुरी लावू नये, हे घरातील मुलांना पटवणे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. खालची आच खरोखरच चालू होती. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पदार्थाची मी केलेली दशा गोवेकरांनी पाहिली नाही, हे बरे झाले. रविवारी पुन्हा करते.